पावणेचार हजारांचं एक मिनिट

वाचकाचं पत्र

प्रिय ताई,

मी वसईची, वय 27. आठव्या वर्षी पॅरिशमधल्या सरांकडे व्हायोलिन हातात घेतलं, पुढे आठवी ग्रेड केली. आता मुंबईतल्या दोन शाळांत व्हायोलिन शिकवते, अधूनमधून एखाद्या ऑर्केस्ट्रात मागच्या डेस्कवर, म्हणजे एकाच स्टँडवरून वाजवणाऱ्या मागच्या जोडीत, वाजवते. गेली तीन वर्षं आमच्या पॅरिशचा तंतुवाद्यांचा ग्रुप मीच बसवते. आम्ही चौदा जण आहोत: नऊ व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो, एक डबल बास. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला मी पहिल्यांदा व्हायोलिन खाली ठेवून समोर उभी राहिले. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. मला कंडक्टर व्हायचंय, समोर उभं राहून हातांच्या इशाऱ्यांनी ऑर्केस्ट्रा चालवणारी.

पूर्व युरोपातल्या कंडक्टिंगच्या एका कार्यशाळेसाठी माझी निवड झाली आहे. दहा दिवस, व्यावसायिक ऑर्केस्ट्रा, शेवटी कॉन्सर्ट. फी 1600 युरो. तिकीट, व्हिसा, राहणं-खाणं धरून तीन लाख रुपये लागतील. माझी सगळी बचत तीन लाख चाळीस हजार आहे. पंधरा दिवसांत होकार कळवायचा आहे. पप्पा म्हणतात, ‘‘दहा दिवसांत काय येतं?’’ मैत्रीण म्हणते, कार्यशाळा सोड, सरळ स्पर्धेत उतर, कारण पस्तिशीनंतर बहुतेक स्पर्धांची दारं बंद होतात. पण स्पर्धेसाठी ऑर्केस्ट्रासोबतचा व्हिडिओ मागतात, तो मी कुठून आणू? माझ्याकडे संगीताची पदवी नाही. उंची पाच फुटांना एक इंच कमी. मागच्या लोकांना मी दिसणार तरी का? माहितीपत्रक सोबत जोडते आहे.

तुमची वसईची वाचक

उत्तर

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही अहोजाहो बाजूला ठेवते.

सुरुवात पप्पांच्या प्रश्नापासून करू, कारण तुझ्या पत्रातला सगळ्यांत नेमका प्रश्न तोच आहे. दहा दिवसांत काय येतं? त्यांना उत्तर द्यायचं तर आधी हे दहा दिवस मोजावे लागतील. तू जोडलेलं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. सक्रिय सहभागी सोळा. दहापैकी ऑर्केस्ट्रा सहाच दिवस. बाकीचे दिवस ऑर्केस्ट्राऐवजी दोन पियानोवादकांसमोर सरावात आणि चर्चेत. ऑर्केस्ट्राचे दिवसाला चार तास, त्यातला अर्धा तास मधली सुट्टी. म्हणजे उरली 210 मिनिटं. ती सोळा जणांत वाटली की तुझ्या वाट्याला रोज तेरा मिनिटं येतात, सहा दिवसांची मिळून ऐंशीच्या आसपास. त्यातही गुरुजी मध्ये थांबवून बोलतील, ते तुझ्याच तेरा मिनिटांतून जाईल. तीन लाखांना ऐंशीने भाग. एका मिनिटाला पावणेचार हजार रुपये.

हा आकडा मी तुला घाबरवायला काढलेला नाही. तो महाग आहे की स्वस्त, हे त्या मिनिटात तू काय घेऊन उभी राहतेस यावर ठरतं, आणि आज तू काय घेऊन उभी राहशील हे आपण दोघींनी प्रामाणिकपणे बघायला हवं.

तू व्हायोलिन कसं शिकलीस ते आठव. सरांनी अर्धा तास शिकवलं असेल, पण आठवडाभर रोज दोन तास तू घरी घासलंस. वाद्य तुझ्या हातात होतं. बेसूर वाजलं तर ऐकणारं फक्त घर होतं. कंडक्टरला हे सुख नाही. त्याचं वाद्य म्हणजे समोर बसलेली पन्नास-साठ माणसं. ती घरी नेता येत नाहीत, रात्री अकराला काढून बसता येत नाही. ज्याला वाद्यच मिळत नाही, त्याने रियाज कसा करायचा? या एका अडचणीतून कंडक्टरांच्या सगळ्या कार्यशाळा जन्माला आल्या. त्या विकतात ती विद्या नव्हे. त्या वाद्यासमोरचा वेळ विकतात. विद्या सोबत मिळाली तर भाग्य.

आता माझी बाजू सांगते. मी कार्यशाळा पाहिल्या त्या खुर्चीतून. मध्य युरोपातल्या एका लहान शहराच्या ऑर्केस्ट्रात मी काही वर्षं दुसऱ्या व्हायोलिनमध्ये, चौथ्या डेस्कवर बसत होते. उन्हाळ्यात आमचा हंगाम नसायचा, तेव्हा आयोजक आमचा ऑर्केस्ट्रा कार्यशाळेसाठी भाड्याने घ्यायचे. सकाळी दहाला बेथोव्हेनची पहिली सिंफनी सुरू व्हायची आणि संध्याकाळपर्यंत तीच चालायची, दर पंधरा मिनिटांनी समोरचा माणूस बदलून.

त्या सिंफनीची सुरुवात तुला माहीत असेल. नसेल तर आजच स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र लिहिलेली वही, उघड. 1800 साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलेली ही सिंफनी सी मेजरमधली, पण सुरू होते ती भलत्याच घरातल्या, सुटायला आतुर असलेल्या कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर. लय अगदी संथ. वुडविंडवाले, म्हणजे बासरी, ओबो, क्लॅरिनेट वाजवणारे, फुंकतात आणि तंतुवाद्यं त्याच क्षणी बोटाने छेडायची असतात. फुंकीचा स्वर उमलायला क्षणभर लागतो, छेडलेली तार तत्क्षणी बोलते. दोन्ही एकत्र यायचे असतील तर समोरच्या माणसाच्या पहिल्या हालचालीतच, आवाज होण्याआधीच्या त्या उचललेल्या हातात, लय, जोर आणि श्वास तिन्ही असावे लागतात. ढोल-ताशा पथकात ताशेवाला इशारा देतो आणि साठ ढोल एकदम पडतात ना, ते साठ जण इशाऱ्याचा शेवट ऐकून ढोल मारत नाहीत. इशारा चालू असतानाच त्यांच्या हातांना पुढची सम कळलेली असते. इथेही तेच, फक्त इशारा मुका.

पहिल्या मिनिटात आम्हाला कळायचं की समोरचा तयारी करून आलाय की नाही. आमच्यात कुणी फार हुशार होतं म्हणून नव्हे. स्कोअर पाठ असलेला माणूस आमच्याकडे बघायचा, नसलेला पानाकडे. काही जण हॉटेलवर रात्री रेकॉर्डिंग लावून त्यावर हात हलवून आलेले असायचे. ते लगेच ओळखू यायचे, कारण त्यांचा हात आमच्या आवाजाच्या मागून यायचा. रेकॉर्डिंगबरोबर हात हलवताना तू आवाजाच्या मागे चालतेस, तो तुला ओढत नेतो. ऑर्केस्ट्रासमोर नेमकं उलटं असतं: आधी हात, मग आवाज. ही सवय एकदा लागली की सुटायला वर्षं जातात, म्हणून आत्ताच सांगते, यूट्यूब लावून आरशासमोर उभी राहू नकोस. स्कोअर वाच, प्रत्येक ओळ गाऊन बघ, पियानोवर दोन-दोन ओळी एकत्र वाजव. आतून ऐकू यायला लागलं की हात आपोआप उचलतील.

त्या उन्हाळ्यांतली एक मुलगी मला अजून आठवते. तिने एका ठिकाणी थांबवून दुसऱ्या व्हायोलिनला, म्हणजे आम्हाला, विचारलं, ‘‘इथे गज टोकाकडून सुरू केला तर हलकं होईल का?’’ आम्ही करून बघितलं, हलकं झालं. तिचा हात बाकीच्यांपेक्षा ओबडधोबड होता, पण तिला ऐकू येत होतं. आठवडाभर आम्ही तिच्यासाठी जीव तोडून वाजवलं. ती स्वतः व्हायोलावादक होती आणि गावाकडे शाळेतल्या मुलांचा ऑर्केस्ट्रा बसवायची. त्या पंधरा मिनिटांचं तिने जे सोनं केलं, ते इतर कुणाला जमलं नाही, कारण काय बिघडतं आणि ते कसं सुधारतं हे ती घरी शंभर वेळा करून आली होती.

दुसरी आठवणही सांगितली पाहिजे. एका वर्षी पोस्टरवर मोठं नाव होतं. ते गुरुजी आठ दिवसांपैकी दोनच दिवस आले. बाकीचे दिवस त्यांच्या सहायकाने काढले. पैसे सगळ्यांनी पूर्ण भरले होते. जगाच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्या एका मुलाने कर्ज काढलं होतं. शेवटच्या कॉन्सर्टमध्ये त्याच्या वाट्याला एका सिंफनीचा तिसरा भाग आला, चार मिनिटांचा. त्या रात्री मी वाद्य पेटीत ठेवताना फार अस्वस्थ होते. म्हणून तुझ्या पत्रातल्या ‘निवड झाली’ या शब्दांपाशी मी थबकले. काही कार्यशाळा खरोखर शेकडो अर्जांतून आठ-दहा जण निवडतात. काही ठिकाणी फी भरणारा प्रत्येक जण निवडला जातो. तुझ्याकडे त्यांनी व्हिडिओसुद्धा मागितला नाही, यावरून तूच ओळख.

चांगलं शिकवणं कसं असतं? हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत योर्मा पानुला यांनी 1973 ते 1993 अशी वीस वर्षं कंडक्टर घडवले. एसा-पेक्का सालोनेन, सकारी ओरामो, ओस्मो व्हॅन्स्का हे सगळे त्यांचे विद्यार्थी. जेमतेम 55 लाख वस्तीचा फिनलंड जगभरच्या ऑर्केस्ट्रांना कंडक्टर पुरवतो, त्यामागे त्यांची एक साधी व्यवस्था आहे. वर्गासाठी स्वतःचा छोटा ऑर्केस्ट्रा, त्यात विद्यार्थीच वाजवणार, आणि प्रत्येकाचं कंडक्टिंग व्हिडिओवर. मग सगळ्यांनी बसून तो बघायचा. गुरुजी कमी बोलायचे. पडद्यावर आपलाच वाकडा खांदा दिसला की बोलायला उरतंच काय! यात गुरू महत्त्वाचा आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाद्य आठवड्यामागून आठवडा समोर आहे. ऐंशी मिनिटांत संपत नाही.

दुसरं ठिकाण अमेरिकेतलं. मेन राज्यातल्या हॅनकॉक नावाच्या खेड्यात पिएर माँत्यू या फ्रेंच कंडक्टरने 1943 मध्ये उन्हाळी शाळा सुरू केली. ती आजही चालते. तिथेही शिकायला आलेलेच ऑर्केस्ट्रात बसतात. तुझी पाळी नसेल तेव्हा तू व्हायोलिन वाजवायचं. अशा ठिकाणी तंतुवाद्य वाजवणारा विद्यार्थी सगळ्यांना हवा असतो, आणि खुर्चीत बसून तू दुसऱ्यांच्या चुकाही शिकतेस. पुढे कधी पैसे घालायचे झाले तर अशा धर्तीच्या जागा आधी शोध. तुझ्या हातातलं व्हायोलिन ही तुझी अर्धी फी आहे.

याच हॅनकॉकला गेलेल्या एका माणसाची गोष्ट खास तुझ्यासाठी. नेव्हिल मॅरिनर लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिनचे प्रमुख होते. सोबतच्या मोजक्या वादकांना घेऊन ते घरच्या दिवाणखान्यात वाजवायचे. 1959 च्या नोव्हेंबरात त्या ग्रुपची पहिली मैफल झाली ती लंडनच्या एका चर्चमध्ये, आणि चर्चचंच नाव ग्रुपला पडलं: अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स. सुरुवातीला कंडक्टर नव्हता, मॅरिनर व्हायोलिनवरूनच इशारे द्यायचे. ‘उभा राहा आणि नीट कंडक्ट कर’ हा आग्रह माँत्यूंचा, आणि त्यांनीच मॅरिनरना हॅनकॉकला बोलावलं. तोपर्यंत मॅरिनर पस्तिशी ओलांडून गेले होते! दुसरं व्हायोलिन, चर्च, मूठभर तंतुवाद्यं. बाई गं, तुझ्याकडे काय कमी आहे?

मुंबईचंच उदाहरण घ्यायचं तर झुबिन मेहता. वडील मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, म्हणून झुबिनना सोळाव्या वर्षीच तालमीत ऑर्केस्ट्रासमोर उभं राहायला मिळालं. हे नशीब सगळ्यांना लाभत नाही, मान्य. पण पुढचं बघ. 1954 मध्ये ते व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्कींकडे शिकायला गेले, डबल बासही वाजवायचे. 1956 मध्ये हंगेरीत उठाव झाला आणि निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले. या विद्यार्थ्याने सात दिवसांत विद्यार्थ्यांचाच ऑर्केस्ट्रा गोळा केला आणि व्हिएन्नाबाहेरच्या निर्वासित छावणीत कार्यक्रम केला. वडिलांचा ऑर्केस्ट्रा मुंबईत राहिला होता. व्हिएन्नात त्यांनी स्वतःचा जमवला. लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा जिंकली ती यानंतर, 1958 मध्ये.

इथून तुझ्या मैत्रिणीच्या मुद्द्यावर येते. स्पर्धा. फ्रान्समधल्या बझांसोंची स्पर्धा 1951 पासून चालते. कोपनहेगनची मल्को स्पर्धा 1965 पासून, आता दर तीन वर्षांनी. जर्मनीत बाम्बर्गला 2004 मध्ये गुस्ताव मालर यांच्या नावाने स्पर्धा सुरू झाली. लंडनच्या डोनाटेला फ्लिक स्पर्धेतला विजेता लंडन सिंफनीचा सहायक कंडक्टर होतो. अशा स्पर्धांतलं खरं बक्षीस पैशांचं नसतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत कोणकोणते ऑर्केस्ट्रा तुला बोलावतील, ते खरं बक्षीस.

जिंकणारे काय घेऊन आले होते ते बघ. बाम्बर्गची पहिली स्पर्धा जिंकली व्हेनेझुएलाच्या गुस्तावो दुदामेलने, तेव्हा तो 23 वर्षांचा होता. परीक्षकांत सालोनेन बसले होते. त्यांनी पाहिलं आणि लॉस एंजेलिसला कळवलं. पुढे 2009 मध्ये दुदामेल त्यांच्याच जागी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा प्रमुख झाला. गोष्ट परीकथेसारखी वाटते. पण हा मुलगा बाम्बर्गला आला तेव्हा पाच वर्षं आपल्या देशाच्या युवा ऑर्केस्ट्राचा संचालक होता. वाद्यासमोरचे त्याचे तास मोजायला बसलं तर इतर स्पर्धकांची बेरीजही कमी पडली असती, असं मला वाटतं.

सेइजी ओझावांचंही तसंच. रग्बी खेळताना बोटं मोडली, पियानो सुटला, म्हणून ते टोकियोत हिदेओ साइतो यांच्याकडे कंडक्टिंग शिकायला लागले. साइतोंनी हाताच्या हालचालींचं व्याकरणच बांधलं होतं, आणि ओझावांनी ते शाळेच्या ऑर्केस्ट्रावर वर्षानुवर्षं घोटलं. 1959 मध्ये मालवाहू जहाजातून, सोबत एक स्कूटर घेऊन ते युरोपात पोचले आणि त्याच वर्षी बझांसों जिंकले. लोक जहाज आणि स्कूटर लक्षात ठेवतात. शाळेतली वर्षं कुणी सांगत नाही.

स्पर्धा माणसाला घडवत नाही, घडलेल्याला शोधते. आज तू स्पर्धेत उतरलीस तर काय होईल? बझांसोंसारख्या ठिकाणी पहिली चाळणी बहुधा पियानोवरच होते: दोन पियानोवादक ऑर्केस्ट्राचा स्कोअर वाजवतात आणि त्यांना तू कंडक्ट करायचं. पुढच्या फेऱ्यांत ऑर्केस्ट्रा येतो, हातात मोजकी मिनिटं असतात, आणि परीक्षक बघतात ती तुझी तालीम. काय ऐकू आलं, काय दुरुस्त केलं, काय सोडून दिलं. कधी कुणीच आधी न ऐकलेली नवी रचनाही समोर ठेवतात. चौदा तंतुवाद्यांच्या पलीकडे ज्याने कधी हॉर्न आणि ओबोसमोर श्वास घेतला नाही, त्याला हे जड जाणार. समजा चमत्कार झाला आणि तू जिंकलीस, तरी दोन वर्षांत वीस अनोळखी ऑर्केस्ट्रा समोर येतील आणि प्रत्येकाला तुझ्याकडून वेगळी सिंफनी हवी असेल. तुला आज किती सिंफनी पाठ आहेत? हे रागावून विचारत नाही. जिंकल्यावर बाहेर पडून पुन्हा कधी न दिसलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या गुणांत काही कमी नव्हतं. त्यांना वेळ मिळाला नव्हता.

पस्तिशीची धास्ती मात्र सोड. मर्यादा स्पर्धेगणिक वेगळी असते, आणि तुझ्याकडे अजून आठ वर्षं आहेत. त्यातली पाच तयारीत गेली तरी तीन उरतात.

बाई म्हणून दार उघडेल का, हे तू विचारलं नाहीस, पण उंचीच्या प्रश्नामागे मला तेही दिसलं. मॅरिन ऑल्सॉप व्हायोलिनवादक. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीत विद्यालयाने तिला कंडक्टिंगच्या अभ्यासक्रमाला पुन्हा पुन्हा नाकारलं, तेव्हा 1984 मध्ये तिने स्वतःचा ऑर्केस्ट्राच काढला. पाच वर्षांनी अमेरिकेतल्या टँगलवूड संगीत महोत्सवाचं कुसेविट्स्की पारितोषिक तिला कंडक्टिंगसाठी मिळालं, ते मिळवणारी ती पहिली बाई. डोनाटेला फ्लिक स्पर्धा 2014 मध्ये हाँगकाँगच्या एलिम चॅनने जिंकली, तिथेही पहिलीच. 2020 पासून पॅरिसला ‘ला माएस्ट्रा’ नावाची फक्त स्त्रियांसाठीची स्पर्धा भरते. दार आपणहून उघडलं नाही, ढकलावं लागलं. पण आता ते पूर्वीइतकं जड राहिलेलं नाही. आणि उंचीचं म्हणशील तर पोडियम, म्हणजे कंडक्टरने उभं राहायचा चौथरा, त्यासाठीच असतो. स्टँड खाली घे, हात छातीच्या रेषेवर ठेव आणि छडीचं टोक तुझ्या चेहऱ्याजवळ राहू दे, म्हणजे मागचा बासवाला एकाच नजरेत दोन्ही बघेल. उंच माणसांचे हातही पुष्कळदा कमरेखाली जाऊन दिसेनासे होतात.

पदवी नसण्याचंही फार मनावर घेऊ नकोस. कार्यशाळेत पदवी क्वचित विचारतात, स्पर्धेत आवाज ऐकतात. पदवीबरोबर जे यायला हवं ते मात्र तुला स्वतः भरून काढावं लागेल. व्हायोलाची ओळ ज्या वेगळ्या चिन्हाने लिहितात ती सी क्लेफ सहज वाचता येते का? ए क्लॅरिनेट आणि एफ हॉर्नची ओळ लिहितात एका स्वरात, वाजते दुसऱ्या; ती बघून खरा स्वर कोणता हे न अडखळता सांगता येतं का? हार्मनी पक्की आहे का? हे सगळं वसईत बसून होतं, त्याला विमान लागत नाही. एखादा क्लॅरिनेटवादक गाठ आणि फुंकण्याआधी तो काय करतो ते तासभर नुसतं बघ. तंतुवाद्यवाल्यांना श्वासाची जाण उशिरा येते, मलाही उशिराच आली.

तर माझं मत स्पष्ट सांगते: या वर्षी जाऊ नकोस. तीन लाख चाळीस हजारांतले तीन लाख ऐंशी मिनिटांवर घालावेत, इतकी तयारी तुझी अजून झालेली नाही. आणि माहितीपत्रकावरून ती कार्यशाळाही मला त्या मोलाची वाटत नाही. पण नकार देण्याआधी त्यांना पत्र लिहून विचार. ऑर्केस्ट्रात नेमके किती वादक असतील आणि वुडविंड पूर्ण असतील का? गुरुजी सगळे दिवस असतील का? व्हिडिओ प्रत्येकाला मिळेल का? कॉन्सर्टमध्ये वाट्याला काय येईल? नुसतं निरीक्षक म्हणून बसायची फी किती? चांगले लोक या प्रश्नांवर चिडत नाहीत, दुसऱ्या दिवशी सविस्तर उत्तर देतात. पुढच्या वर्षी दुसरी कार्यशाळा निवडताना हेच पत्र तुला कामी येईल.

या वर्षीचा तुझा ऑर्केस्ट्रा वसईतच आहे. चौदा जण तुला तीन वर्षं ओळखतात, तुझ्यासाठी रविवार मोकळा ठेवतात. ज्या वाद्यासाठी लोक मिनिटाला पावणेचार हजार मोजायला तयार होतात, ते तुझ्या पॅरिशच्या हॉलमध्ये बसलंय, आणि तू ते मोजलेलंच नाहीस. आठवड्याला दोन तास तालीम केलीस तर महिन्याभरात तुला त्या कार्यशाळेच्या सहापट वेळ मिळेल. फक्त एक बदल कर: व्हायोलिन घरी ठेवून ये. हातात व्हायोलिन असलं की आपण चूक वाजवून दाखवतो. हात रिकामा असला की ती हालचालीने आणि शब्दांनी सांगावी लागते.

दर तालमीचा व्हिडिओ घे. मोबाईल चेलोंच्या मागे, तुझ्याकडे तोंड करून ठेव, चेहरा आणि दोन्ही हात सतत दिसतील असा. मध्ये काटछाट करू नकोस. स्पर्धा आणि चांगल्या कार्यशाळा बहुधा असाच व्हिडिओ मागतात, आणि मोठा ऑर्केस्ट्रा नाही म्हणून प्रत्येक जण तो फेकून देत नाही. चौदा जणांच्या तालमीत तू काय ऐकतेस ते त्यांना कळतं. घरी आल्यावर आधी आवाज बंद करून बघ. नुसत्या हातांवरून कुठला भाग चाललाय हे कळलं, तर हात बोलतायत.

बचतीतले थोडे पैसे मात्र जरूर खर्च कर. महिन्यातून एकदा दोन पियानोवादकांना मानधन देऊन बेथोव्हेनची पहिली सिंफनी त्यांच्यावर कर. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे वर्षाला दोन हंगाम होतात, बाहेरचे कंडक्टर येतात. पत्र लिहून तालमीला मागे बसायची परवानगी माग, स्कोअर मांडीवर घेऊन. कॉन्सर्टपेक्षा तालीम दहापट शिकवते. एकदा नाही म्हणाले तर पुढच्या हंगामाला पुन्हा लिही. वर्षभराने तीन लाखांतले अडीच तरी शिल्लक असतील, आणि तेव्हा तू त्या ऐंशी मिनिटांत उभी राहिलीस तर पप्पांच्या प्रश्नाला उत्तर असेल. त्यांना हे सगळं वाचून दाखव. मला वाटतं, तुमचं जमेल.

आणि तालमीला काय घ्यायचं, तेही सांगून ठेवते. इंग्लिश संगीतकार एडवर्ड एल्गारची तंतुवाद्यांसाठीची सेरेनेड. एल्गार तेव्हा तुझ्यासारखाच, इंग्लंडमधल्या वुस्टरच्या परिसरात व्हायोलिन शिकवून पोट भरणारा. 1879 पासून पाच वर्षं त्याने जवळच्या पॉविकच्या मनोरुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचा बँड चालवला. एक पिकोलो, एक क्लॅरिनेट, दोन कॉर्नेट, युफोनियम, काही व्हायोलिनं, एक पियानो, जे हाती लागेल त्यासाठी तो लिहायचा. ऑर्केस्ट्रा कसा वाजतो हे तो तिथे शिकला. ही सेरेनेड 1892 ची, आणि पहिल्यांदा ती वाजवली वुस्टरच्या बायकांच्या हौशी ऑर्केस्ट्रा-वर्गाने, समोर स्वतः एल्गार. तो 1934 मध्ये गेला, स्वामित्वहक्क केव्हाच संपले; स्कोअर आणि पार्ट आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतील.

सहा-आठचा ताल, ई मायनर, आणि सुरुवात करतात व्हायोला, एकट्याच. तुझ्याकडे त्या दोनच आहेत, म्हणून पहिल्या तालमीच्या आधी दोघींना अर्धा तास लवकर बोलाव. तिघीच बसा. त्यांच्या गजांकडे बघून श्वास घे, मग हात उचल, आणि हा पहिला बार तिघींचा एकच होईपर्यंत पुढे जाऊ नकोस.